आमवाताने वाकडी झालेली पावले व शस्त्रक्रिया

बेळगावातील खासबाग, शहापूर व वडगाव येथे विणकरांची मोठी वस्ती आहे. हातमागावर हातांइतकेच पायांनाही काम असते; पावड्या दाबल्याशिवाय धोट्याला वाट मिळत नाही. अशा कष्टकऱ्याचे पाऊल वाकडे झाले, तर त्याची उपजीविकाच अडते.

डॉक्टर ज्यास रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो आमवात ही केवळ वयोमानाची झीज नव्हे. शरीराची संरक्षणशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. स्त्रियांत हा रोग अधिक आढळतो. अस्थिबंध सैल पडून अंगठा इतर बोटांकडे कलतो, बोटे आकड्यासारखी वळतात, तळव्यास घट्टे पडतात व पुढे पावलाची कमान बसते.

पहिला उपाय औषधांचा. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळीच सुरू केल्यास विकृती पुष्कळदा टळते. रुंद व मऊ पादत्राणांनीही आराम पडतो. तरीही वेदना न थांबल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिचे मुख्य प्रकार असे :

१. अंगठा : त्याच्या मुळाचा सांधा सरळ करून कायमचा जोडतात.

२. इतर बोटे : तळव्यात टोचणारी हाडांची टोके काढतात. ही पद्धत हॉफमन यांनी १९११ मध्ये वर्णिली. आता शक्य तेथे हाड आखूड करून सांधा राखतात.

३. पावलाचा मागील भाग : बिघाडानुसार एक ते तीन सांधे जोडतात.

४. घोटा : सांधा जोडतात किंवा कृत्रिम सांधा बसवितात.

जोडलेला सांधा हलत नाही, म्हणून अनेकजण कचरतात. परंतु झिजलेल्या सांध्याच्या हालचालीतूनच वेदना उपजते. ती थांबली की पाऊल भार पेलते. मात्र पावडी दाबण्यास घोटा लवावा लागतो. म्हणून आपला व्यवसाय शल्यचिकित्सकास आधीच सांगावा.

या रोगात मानेचे मणकेही सैल होऊ शकतात. भूल देण्यापूर्वी त्यांची तपासणी करून घ्यावी. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. निपाणी भाग तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. पण विडी-सिगारेटने हाड जुळण्यास विलंब लागतो, हे विसरू नये. हाड जुळण्यास साधारणपणे ६ ते १२ आठवडे लागतात.

शस्त्रक्रियेने पाऊल सुधारते, रोग जात नाही. औषधे पुढेही घ्यावी लागतात. सकाळी सांधे तासभर आखडत असतील व सूज सहा आठवडे टिकली असेल, तर ते नशिबाचे भोग न मानता रुग्णालय गाठावे.