फुप्फुसांची डागडुजी आणि पुराव्याची शिस्त

श्वासातील प्राणवायू वायुकोशांच्या पातळ पेशींतून रक्तात जातो. या पेशी नष्ट झाल्यास नव्या कोठून येतात? दगडखाणीच्या धुळीने फुप्फुसे गमावलेल्या श्रमिकांच्या घरी या प्रश्नाचे मोल सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ब्रिजिड होगन व सहकाऱ्यांनी उंदरांच्या वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर आनुवंशिक खूण केली. पुढे तीच खूण नव्या पातळ पेशींतही आढळली. वायुकोश मिटू न देणारे द्रव्य स्रवणाऱ्या या पेशी मूळपेशीही आहेत, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

उपचार अद्याप दूर आहे. तथापि वंशाविषयी पुराव्याविना बोलू नये, ही इतिहासाची शिस्त आम्हांस येथेही दिसते. विद्यार्थ्यांनी ती अंगी बाणवावी.