बर्फ असताना वांग्याची तयारी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. परसात अजून बर्फ आहे. मिरच्या, वांगी, दोडका लावायचाय. आत्ता काय करू?

उत्तर : मिरची-वांग्याचं बी मार्चच्या सुरुवातीला घरातच ट्रेमध्ये पेरा. मिरची उगवायला कधी तीन आठवडेही घेते, उबेला ठेवा. नुसत्या खिडकीच्या उजेडावर विसंबलात तर रोपं काडीसारखी लांबतात, म्हणून वर चार बोटांवर एलईडी दिवा टांगा. दोडक्याची घाई नको. मुळं हललेली त्याला खपत नाहीत. मेच्या सुरुवातीला वर्तमानपत्राच्या पुडीत बी लावून जूनमध्ये पुडीसकट वाफ्यात घाला. मेथी मात्र एप्रिलमध्ये थेट बाहेर, तिला गारवा मानवतो. आणि हो, भारतातून बॅगेत बी आणू नका. अमेरिकेत त्याला रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो.