बालवर्गाला दुसरे हात



सुरतजवळच्या सचिन येथे कारखान्यांच्या कामासाठी अनेक प्रांतांतून माणसे आली. त्यांत आपली खानदेशी कुटुंबेही आहेत. आईबाप पाळीवर गेल्यावर मूल कोणापाशी राहावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे अंगणवाडी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली.

अंगणवाडीत एक कार्यकर्ती व एक मदतनीस असते. मदतनिसाला गुजरातेत 'तेडागर' म्हणतात, म्हणजे मुलांना घरून घेऊन येणारी. ती मुले आणायला गेली किंवा चुलीशी बसली की कार्यकर्ती एकटी उरते. वजने, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, नोंदी हे सारे तिच्याकडेच असते. एक मूल ओले झाले आणि दुसरे दाराबाहेर धावले, तर तिने कोणाकडे पाहावे? त्यात रडणारे मूल अहिराणी बोलणारे असले, तर त्याला काय हवे तेही तिला कळत नाही.

म्हणून दुसरे हात ही शिक्षिकेची चैन नव्हे; ती मुलाची गरज आहे.

ताराबाई मोडकांनी भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला केंद्र उघडले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला हे काम वाढले. १९७३ साली ताराबाई गेल्या, तरी ते थांबले नाही; अनुताईंनी ते सांभाळले.

मोशे एकटाच दिवसभर लोकांचा न्याय करीत बसे, तेव्हा इथ्रोने त्याला भार वाटून देण्याचा सल्ला दिला (निर्गम १८). तो आपल्या बालवर्गालाही लागू आहे.

आपण काय करावे?

१. शब्बाथशाळेच्या बालवर्गात एकट्या शिक्षिकेला ठेवू नये. दोघींची नावे व वार आधी ठरवावेत.

२. कोणी आजारी पडल्यास कोण येणार, तेही लिहून ठेवावे.

३. जवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन, ठरल्या दिवशी नेमाने जावे. आपली भाषा जाणणारी एक आजीही तेथे मोलाची ठरेल.

४. स्वयंसेवा मिळते म्हणून पगारी माणसाची मागणी सोडू नये. गुजरातेतील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडीच्या कार्यकर्ती व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यांचे काम फावल्या वेळचे नव्हे, हे आपणही मानावे.

विचारासाठी प्रश्न: आपल्या बालवर्गाची शिक्षिका गेल्या वर्षी कितीदा एकटी होती? तिला आपण कधी विचारले काय?