जंतूंचे आकार व त्यांची मांडणी

दह्याचा एक थेंब कांचेवर पसरून व रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला, तर त्यांत बहुधा दोन तऱ्हेचे जंतु दिसतात. कांहीं वाटोळे, माळेंत ओंवलेल्या मण्यांसारखे, व कांहीं काडीसारखे लांबट. तिसरी तऱ्हा मळसूत्री जंतूंची. १८७२ सालीं फर्डिनांड कोन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें मुख्यतः अशा आकारभेदावरूनच जंतूंची वर्गवारी केली.

वाटोळ्या जंतूंची माळ होते कीं घड, हें त्यांच्या दुभागण्यावर अवलंबून असतें. फांक नेहमीं एकाच दिशेनें पडली व दोन्ही भाग चिकटून राहिले म्हणजे माळ बनते. फांक वाटेल त्या दिशेनें पडली म्हणजे द्राक्षाच्या घडासारखा पुंजका होतो. गाईची कास सुजली असतां दुधांत दोन्ही प्रकार सांपडतात.

परंतु ज्याची ओळख शेतकऱ्यास अगत्याची, तो फाशी रोगाचा जंतु काडीसारखा आहे. त्याची जाडी सुमारें एक सहस्रांश मिलिमीटर व लांबी तिच्या तिप्पट ते पांचपट. टोकें जणूं सुरीनें कापलेलीं. अनेक काड्या टोकास टोक लागून राहिल्या म्हणजे बांबूच्या पेरांचा भास होतो. या काडीच्या पोटांत बीज तयार होतें, हें रॉबर्ट कॉख यांनीं १८७६ सालीं दाखविलें. बीज धरण्यास मात्र हवा लागते. न फाडलेल्या शवांत हवा नसल्यानें, तें कुजूं लागतांच काड्या थोड्या दिवसांत मरतात. कातड्याच्या लोभानें शव फाडिलें कीं रक्त हवेंत सांडतें, बीजें बनतात, आणि तीं जमिनींत कित्येक दशकें जगतात. स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर १९४२ सालीं या बीजांचा युद्धप्रयोग झाला. तें बेट औषधानें धुऊन काढून निर्धोक ठरविण्यास १९९० साल उजाडलें!

फऱ्याची काडी याच्या उलट. तिला हवाच सोसत नाहीं. बीज धरिल्यावर ती चातीसारखी फुगीर दिसते.

धडधाकट जनावर अकस्मात् मेलें व नाकातोंडांतून काळपट, न गोठणारें रक्त आलें, तर त्यास सुरी लावूं नये, पशुवैद्यास बोलवावें. तो कानाच्या शिरेंतून थेंबभर रक्त घेऊन कांचेवर पसरितो. मृत्यूस फार वेळ झाला असल्यास कुजण्याच्या दुसऱ्या काड्या रक्तांत शिरतात व ओळख अवघड होते. म्हणून निरोप त्वरित धाडावा. शव कातड्यासकट जाळावें, किंवा सहा फूट खोल पुरावें. रक्त पडलेला चारा व वरची मातीही त्याबरोबरच जाळावी किंवा पुरावी.