शीण उतरतो, मग हा थकवा का उतरत नाही?

मंडळाच्या अंकासाठी 'थकवा' या अर्थाचे मराठी शब्द गोळा करायचं ठरवलं, तेव्हा हा लेख आजारपणाकडे वळेल असं वाटलं नव्हतं. शब्द भरपूर सापडले: शीण, दमणूक, मरगळ, ग्लानी, अशक्तपणा. पण आमच्या कामरेजच्या घरात जे चाललं होतं, त्याला यातला एकही शब्द नीट बसेना.

माझी आई सुरतमध्ये मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या कुटुंबांची. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तिला कोविड झाला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, दोन-अडीच आठवड्यांत ताप-खोकला गेला. सगळे म्हणाले, सुटलात. नोव्हेंबरमध्ये पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरू लागले, आणि खरा त्रास तेव्हा कळला. कामरेज चार रस्त्यावरून बस पकडून शाळेत पोचेपर्यंतच ती गळून जायची. अर्धा फळा लिहून झाला की छाती धडधडायची. हजेरी घेताना रोजच्या मुलाचं नाव आठवायचं नाही. ती म्हणायची, "डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं गं."

शेजारच्या बेन विचारायच्या, "हवे तो सारुं छे ने?" मीही एकदा बोलून गेले, "आई, जरा हालचाल कर, म्हणजे बरं वाटेल." माझ्यासाठी ती एका रविवारी तापीकाठी बरंच चालली. त्या दिवशी ठीक होती. सोमवार-मंगळवार मात्र अंथरुणातून उठता आलं नाही. तेव्हा मला कळलं, की हा आळस नव्हे.

वाचत गेले तेव्हा समजलं, की 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-अभ्यासक महिलेने, स्वतः आजारी असताना, ते समाजमाध्यमावर वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली: साधारणपणे संसर्गानंतर तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या निदानाने उलगडत नसलेली लक्षणं. म्हणजे आधी रुग्णांनी शब्द दिला, शास्त्र मागून आलं. 'चिकुनगुन्या'चंही तसंच. पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतल्या या शब्दात सांधेदुखीने वाकून जाण्याचा अर्थ आहे.

शिक्षकांचा इथे वेगळा विचार करायला हवा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२ च्या पाहण्यांत शिक्षण, आरोग्य आणि समाज-देखभाल या क्षेत्रांतल्या लोकांमध्ये ही तक्रार जास्त दिसली. शिकवणं म्हणजे तासन्‌तास उभं राहणं, मोठ्याने बोलणं आणि चाळीस मुलांवर एकाच वेळी लक्ष ठेवणं. शरीर, श्वास आणि स्मरण तिन्ही एकदम लागतात, आणि या आजारात नेमकी हीच तिन्ही कमी पडतात.

नेहमीचा शीण झोपेने उतरतो. हा थकवा मात्र श्रमानंतर, कधी एक-दोन दिवसांनी, उसळून येतो. म्हणून 'जोर लावा' हा सल्ला अशा माणसाला उलटा पडतो. ताकद संपायच्या आधीच थांबायचं, हे इथलं पथ्य. त्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घ्यायचं, कारण प्रत्येक थकवा कोविडचाच असतो असं नाही.

आईच्या बाबतीत उपाय साधे निघाले. फळ्याजवळ खुर्ची आली, एका सहकारी बाईंनी लागोपाठचे तास बदलून घेतले, आणि फळ्यावर लिहायचं काम मुलांनी वाटून घेतलं. ती पूर्ण बरी झालेली नाही, पण तिने नोकरी सोडायचा विचार सोडला.

माझ्या यादीत शेवटी एक शब्द वाढला, तिचाच: 'धुकं'. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या एखाद्या सरांना किंवा बाईंना शिकवताना मध्येच बसावं लागलं, तर हसू नका. "सर, फळ्यावर मी लिहू का?" एवढं विचारा.