पांढरीचे थर

मराठी गावगाड्यात कसण्याच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख आणि चुना यांचे थर साचून वस्तीची माती पांढुरकी होते. जुन्या घरावर नवे घर उभे राहते, हे पुरातत्त्वाचे मूलतत्त्वच या शब्दात साठले आहे.

लंडनमध्ये असेच थर दुसऱ्या महायुद्धामुळे उजेडात आले. २९ डिसेंबर १९४० च्या हवाई हल्ल्यात फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड्स चर्च जळाले. १६६६ च्या आगीनंतर ते क्रिस्टोफर रेन यांनी बांधले होते. पुनर्बांधणीपूर्वी, १९५२-५३ मध्ये, डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा मध्ययुगीन चर्चचे पाये आणि रोमन काळातील अवशेष सापडले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा : बॉम्बमुळे जागा मोकळी झाली, तिचा इतिहास वाचता आला तो थरांची क्रमवार नोंद ठेवल्यामुळे.

बेलापूर ज्या प्रवरेच्या काठी वसले आहे, तिच्याच काठच्या दायमाबादला अशा नोंदींतून वसाहतीचे पाच सांस्कृतिक कालखंड उलगडले. आपल्याकडे जुना वाडा पाडून यंत्राने पाया खणला की थर एकमेकांत मिसळतात. ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

स्वाध्याय : आपल्या गावची पांढरी कोठे आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा. तेथील स्थलनामे त्यांच्याच उच्चारात नोंदवा.