इंडिओच्या माळावर गाणे ऐकायला जाणाऱ्यांसाठी

दक्षिण कॅलिफोर्नियात शिक्षणाच्या अगर नोकरीच्या निमित्ताने नव्याने उतरलेल्या मराठी तरुणांच्या तोंडी, पहिला हिवाळा सरत आला की, ‘कोचेला’ या संगीत महोत्सवाचे नाव येऊ लागते, 2023 साली पंजाबी गायक दिलजीत दोसांझ तेथे गाऊन गेले तेव्हापासून तर विशेषच. मग लॉस एंजेलिस व सॅन दिएगोच्या परिसरात दीर्घकाळ स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे तिकिटापासून मुक्कामापर्यंत सर्व बाबींची चौकशी होते, परंतु उन्हाविषयी सहसा कोणी काही विचारीत नाही. सबब, न विचारलेल्या त्या एका प्रश्नाचे उत्तर या कुटुंबांच्या अनुभवांतून येथे संकलित केले आहे.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, इंडिओ गावच्या पोलो क्लबाच्या विस्तीर्ण मैदानावर, 1999 च्या ऑक्टोबरात हा महोत्सव प्रथम भरला तेव्हा पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 38 अंश सेल्सियसच्या, वर गेला होता. 2001 पासून तो एप्रिलमध्ये भरू लागला, तरी तशी दुपार एप्रिलातही तेथे नवलाची नाही. मैदानावरचे गवत पाहून फसू नये. ते वाळवंटात पाणी घालून राखलेले गवत आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवास डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून मांडवात बसलेल्या रसिकाच्या मनात संगीतोत्सवाचे जे सुखद चित्र असते, त्याचा येथे काडीमात्र उपयोग नाही.

‘आम्ही उन्हाच्याच देशातले, आम्हांला ऊन काय सांगता?’ ही आढ्यता सर्वांत घातक, असा या कुटुंबांचा एकमुखी अभिप्राय आहे. उष्णता सोसण्याची शरीराची तयारी एक-दोन आठवड्यांच्या सरावाने होते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की वातानुकूलित कचेरीत आणि मोटारीत काही आठवडे काढले की ती तयारी ओसरते. अकोल्यात जन्मलेला मनुष्य अर्व्हाइनमध्ये वर्षभर राहिल्यावर उन्हापुरता अकोल्याचा राहत नाही. शिवाय सराव असलेल्यांनाही ऊन मुभा देतेच असे नाही: 2023 च्या एप्रिलात खारघरच्या उघड्या मैदानावर भरदुपारी झालेल्या समारंभात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली, आणि ती महाराष्ट्रातच वाढलेली माणसे होती.

वाळवंटातील उन्हाची खरी कपटनीती अशी की ते घाम दिसू देत नाही. मुंबईकराला उकाडा कळतो तो अंगाला चिकटलेल्या सदऱ्यावरून; इंडिओच्या कोरड्या हवेत घाम सुटताक्षणीच उडून जातो, कातडी कोरडी राहते, आणि शरीरातील पाणी व क्षार किती खर्ची पडले याची दखल डोके दुखू लागेपर्यंत घेतली जात नाही. या बाबतीत वैदर्भीय मंडळी अधिक शहाणी. डोके व कान झाकून दुपट्टा बांधणे, पंचा भिजवून मानेवर टाकणे आणि तो वाळला की पुन्हा भिजवणे हा त्यांचा घरचा शिरस्ता येथे अक्षरशः लागू पडतो, कारण हवा जितकी कोरडी तितके ओले फडके अधिक गार. माठाचे पाणी गार होते त्याच न्यायाने. (खिशात कांदा बाळगण्याचा शिरस्ता मात्र सोडून द्यावा; तो कांदा मीठ लावून पोटात गेला तर निदान जेवणाला चव येईल.) कपडे सैल, सुती, फिकट रंगाचे व पूर्ण बाह्यांचे असावेत. छायाचित्रांत दिसणारे तोकडे पोषाख ज्यांना शोभतात त्यांना शोभोत, पण उघड्या कातडीवर ऊन-प्रतिबंधक मलमाचा लेप दर दोन तासांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि गर्दीत ही जिकीर सहसा कोणी करीत नाही.

पाण्याचा बंदोबस्त आत विनामूल्य असतो. रिकामी बाटली नेऊन ती भरून घेता येते. बाटली कोणत्या प्रकारची चालेल व कशास मनाई आहे याची यादी निघण्यापूर्वी वाचावी. छत्री व घडीची खुर्ची यांच्या भरवशावर तर राहूच नये. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, परंतु तासाला सव्वा-दीड लिटरच्या वर जाऊ नये, कारण नुसतेच पाणी भसाभस ढोसल्याने रक्तातील सोडियम घटून मनुष्य अत्यवस्थ होऊ शकतो. खारे शेंगदाणे किंवा मीठ-साखरेच्या पुड्या जवळ असाव्यात. मुक्कामी असताना लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण पुरेसे आहे. पन्हे किंवा ताक मिळाल्यास उत्तमच. मद्याने शरीरातील पाणी अधिकच घटते व भानही सुटते, म्हणून ते घेणाऱ्यांनी निदान सूर्यास्तापर्यंत थांबावे.

दिवसाची आखणी कार्यक्रमपत्रिकेवरून न करता सूर्यावरून करावी. तिकिटाला एवढे पैसे मोजले आहेत, तर पहिल्या कलावंतापासून हजर राहिलेच पाहिजे, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब येथे महाग पडतो. मोठे कलावंत रात्रीच गातात. तळापासून प्रवेशद्वारापर्यंतची चाल लांब व बिनसावलीची असते, तेव्हा चारनंतर निघणे शहाणपणाचे. तंबूत राहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की सूर्य वर आला की तंबू भट्टीसारखा तापतो, आणि रात्रीच्या जागरणानंतर उशिरापर्यंत झोपण्याचा बेत तेथे साधत नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेण्याचा मोह काही कुटुंबांना होतो. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना, तसेच सर्दीच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना ऊन लवकर बाधते. वैद्यांना विचारल्यावाचून नेऊ नये.

सोबत्याला घेरी आली, मळमळ झाली, पायात गोळे आले, तर त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग भिजवावे, वारा घालावा व थोडे थोडे पाणी पाजावे. परंतु तो असंबद्ध बोलू लागला, पाऊल लटपटू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. नजीकच्या स्वयंसेवकास हाक मारून वैद्यकीय तंबूतील माणसे बोलवावीत, नाहीतर 911 फिरवावा, आणि मदत येईपर्यंत मान, काखा व जांघा येथे बर्फ लावून सर्वांगावर पाणी ओतत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. विमा किती भरपाई देईल, आईवडिलांना काय कळवायचे, ही विवंचना मागाहून करावी. या विवंचनेपायी विलंब करणारे विद्यार्थी या कुटुंबांनी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रात्री डोंगरांतल्या खिंडीतून येणारा वारा धूळ उडवतो आणि हवा झपाट्याने गार होते. नाकातोंडाला बांधायला रुमाल व अंगावर घ्यायला शाल असू द्यावी. आणि दिवसभर उन्हात शिणलेल्या माणसाने मध्यरात्रीनंतर दोनशे किलोमीटर मोटार हाकू नये. तिकिटासोबतच त्या रात्रीच्या मुक्कामाचीही तजवीज करून ठेवावी, आणि मुक्काम मिळत नसेल तर त्या वर्षी जाऊ नये.